सापडलेल्या कासवासाठी घरातील तात्पुरता निवारा

कासव हा एकच शब्द आपण निरनिराळ्या प्राण्यांसाठी वापरतो. समुद्रात राहणारे ते कासव, विहिरीत सोडलेले ते कासव, आणि माळरानावर गवत खात फिरणारे तेही कासवच. शब्द एक असल्यामुळे तिघांची व्यवस्थाही एकच असावी असा समज होतो, आणि सापडलेले कोणतेही कासव प्रथम पाण्याच्या बादलीत टाकले जाते. जमिनीवरच्या कासवास पोहता येत नाही. बादलीच्या गुळगुळीत कडेवर पाय मारून ते थकते आणि बुडून मरते. वाचविण्याच्या हेतूने केलेल्या कृतीने जे प्राणी दगावतात, त्यांत या कासवाची गणना करावी लागेल.

पालघर जिल्ह्यातील तुळिंज हे गाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असून नालासोपारा पूर्वेच्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. येथे भाड्याने राहणारी कुटुंबे येतात व जातात. समजा, अशाच एका बिऱ्हाडाने खोली सोडली आणि मागे मोरीत एक कासव राहिले. घरमालक ते शेजारच्या शेतकऱ्याकडे आणतो, शेतकरी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास विचारतो. जनावर म्हटले की लोक शेती खात्याच्या माणसाकडे येतात. तेव्हा "हे आमच्या खात्याचे काम नव्हे" असे सांगून परत पाठविण्यापेक्षा पुढील दोन-चार दिवस काय करावे हे सांगता आलेले बरे.

प्रथम कासव ओळखावे. पाठ घुमटासारखी उंच व कठीण, काळपट रंगावर प्रत्येक खवल्याच्या मध्यापासून निघणाऱ्या पिवळ्या रेघा, आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबाकृती, बोटांमध्ये पडदा नाही. अशी लक्षणे असल्यास ते तारा कासव होय. चोरट्या बाजारात यास स्टार कासव म्हणतात. हा प्राणी कोकणातील नव्हे. गुजरात-राजस्थानकडील कोरडा प्रदेश, दक्षिण भारतातील आंध्र, कर्नाटक व तामिळनाडूतील झुडपी माळराने आणि श्रीलंका ही त्याची भूमी. तुळिंजमध्ये तो आढळला तर कोणीतरी पिशवीत घालून आणला, असेच समजावे. पाठ चपटी, कातड्यासारखी मऊ आणि पायांना पडदे असतील, तर ते आपल्याच तळ्या-खाचरांतील पाणकासव होय. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढले होते. असे पाणी चढते तेव्हा हे पाणकासव रस्त्यावरही येऊ शकते. त्यास ओले फडके टाकलेल्या टोपलीत सावलीत ठेवावे व वन खात्यास कळवावे. त्यासाठी पुढील निवाऱ्याची गरज नाही. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हिरवट कासव अमेरिकेतील आहे. ते हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात व कंटाळल्यावर तळ्यात सोडतात. ते कधीही तळ्यात सोडू नये. येथील कासवांचे अन्न व जागा ते बळकावते.

आता तारा कासवाच्या निवाऱ्याकडे वळू. सहा ते आठ इंच लांबीच्या एका कासवास चार फूट लांब व दोन फूट रुंद जागा पुरे. जुने लाकडी खोके, कपाटाचा मोठा खण, किंवा भिंतीच्या कोपऱ्यात दोन फळ्या उभ्या करून केलेला आडोसाही चालतो. कडा किमान दीड फूट उंच असाव्यात, कारण कोपऱ्यात पाय रोवून कासव आश्चर्य वाटावे इतके वर चढते आणि उलटे पडते. भिंती आरपार दिसणाऱ्या नसाव्यात. काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची भिंत त्यास भिंत वाटतच नाही. दिवसभर ते तेथे नाक घाशीत राहते. पारदर्शक पेटीच हाती असेल तर बाहेरून पुठ्ठा बांधावा. वरून तारेची जाळी घालावी. घरात ठेवले तरी उंदीर, मांजर व खिडकीतून येणारा कावळा यांचे भय असतेच.

तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर घालावेत व ते रोज बदलावेत. वाळू घालू नये. अन्नाबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबते. भाताचे तूस व लाकडाचा भुसा यांची धूळ नाकाडोळ्यांत जाते. पावसाळ्यातील बुरशी आलेला पेंढा तर सर्वांत वाईट. एका टोकास लपण्याची जागा हवी. फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घालावा, त्याच्या कडा घासून बोथट कराव्यात. हा माठ चैनीची वस्तू नव्हे: लपावयास जागा नसलेले कासव खाणे सोडते.

उबेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कासवे थंडी व ओल यांनीच आजारी पडतात. कोंबडीच्या पिलांचा ब्रूडर ज्यांनी चालविला आहे त्यांस हे चटकन समजेल. पिले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी, कडेला पळाली तर जास्त; कासवाचेही तसेच, फक्त ते सावकाश सांगते. खोक्याच्या एकाच टोकास ६० वॉटचा तारेचा जुना दिवा सव्वा ते दीड फूट उंचीवर, पक्का बांधून टांगावा. त्या टोकाखाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस व दुसऱ्या टोकास २५ ते २६ अंश असावे, म्हणजे कासव आपली जागा आपणच निवडते. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे विसरू नये. रात्री दिवा बंद करावा. पौष-माघात वा सततच्या पावसात खोली २० अंशांखाली जाईल असे वाटल्यास खोक्यावर गोणपाट टाकावे, मात्र हवा खेळती ठेवावी. उन्हाळ्यात याच्या उलट काळजी. चाळीतील पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दिवा लावणे म्हणजे कासव भाजणे होय. त्या दिवसांत खोके जमिनीवर, सावलीच्या भिंतीस लागून ठेवावे. पावसाळ्यात ते विटांवर उचलून घ्यावे.

सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास अवश्य द्यावे, आणि ते उघड्यावर द्यावे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हाडे व कवच घडविणारे किरण जवळजवळ उरत नाहीत. उन्हात ठेवताना अर्ध्या भागावर सावली हवी व माणूस जवळ हवा.

पाणी रोज द्यावे, पण पसरट थाळीत व त्याच्या हनुवटीखाली राहील इतकेच. नव्याने आलेले कासव बहुधा तहानलेले असते. पहिल्या दिवशी कोमट पाण्याच्या उथळ थाळीत पंधरा-वीस मिनिटे उभे करून नंतर पुसून घ्यावे. वारंवार उचलू नये. घाबरलेले कासव मूत्राशयातील साठविलेले पाणी सोडून देते, आणि कोरड्या प्रदेशातील या प्राण्यास तो साठाच आधार असतो.

खाद्याच्या बाबतीत वसईचा शेतकरी भाग्यवान म्हणावा. हरळी, केना, दुधी-भोपळ्याची पाने, शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग हे सर्व बांधावर किंवा परसात मिळते. शेतातील तण हेच येथे खाद्य आहे, हा प्रसंग आपल्या मासिकात विरळाच! फवारणी झालेल्या शेतातील किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरील पाला मात्र मुळीच आणू नये. भात, पोळी, पाव, दूध, मांस देऊ नये. पालक व कोबी नेहमी देऊ नये, फळे तर फारच थोडी. चुन्याच्या अंशासाठी किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या पाठीतील पांढरे हाड, गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून, वाळवून, किसून पाल्यावर टाकावा. न मिळाल्यास अंड्याच्या उकळलेल्या कवचांची पूड चालते.

पाठीवर थोडे उंचवटे या जातीत स्वाभाविक असतात, त्यावरून रोग ठरवू नये. कवच बोटाने दबणे, नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे सुजणे ही मात्र पशुवैद्यकाकडे नेण्याची लक्षणे होत. कवचावर खोबरेल तेल चोळण्याची पद्धत बंद करावी. आणखी एक गोष्ट पशुपालकांनी ठळक लक्षात ठेवावी: गुरांच्या गोचिडांसाठी घरात असलेले आयव्हरमेक्टिन कासवास कधीही देऊ नये, ते त्यास प्राणघातक ठरते.

कासवाच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. लहान मुलांना यामुळे आजार होतात म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. यास्तव खोके स्वयंपाकघरात नसावे, पाच वर्षांखालील मुलांनी हात लावू नये, थाळी वेगळी असावी आणि हाताळणाऱ्याने साबणाने हात धुवावेत.

हा निवारा तात्पुरता का, हेही घरातील मंडळींना समजावून द्यावे लागते. कासवाने लक्ष्मी येते असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि दोन दिवसांत मुलांचा लळा जडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तारा कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. ते पाळणे गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षे कारावास व पंचवीस हजार रुपये दंड आहे. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास कळवावे, असे याच अधिनियमाचे ३९ वे कलम सांगते. भिऊन लपविणारा अडचणीत येतो. कळविणाऱ्याने भिण्याचे कारण नाही. महाराष्ट्र वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

"तुंगारेश्वरच्या रानात सोडून देऊ" ही सूचना हमखास येते. ती मानू नये. कोरड्या माळाच्या प्राण्यास कोकणचा पावसाळा सोसत नाही, आणि घरात राहिलेल्या कासवाचे रोग रानातील कासवांस लागतात. २०१८ साली सिंगापूरहून ५१ तारा कासवे कर्नाटकात परत आणण्यात आली, तीही थेट रानात सोडण्यासाठी नव्हे, तर देखरेखीखाली ठेवून पुढे सोडण्यासाठी. मूळ प्रदेश कोणता, हे ठरविणे तज्ज्ञांचे काम आहे.

तोपर्यंत एक वही ठेवावी. कासव कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या स्थितीत मिळाले, स्वयंपाकघरातील नव्हे तर दुकानातील काट्यावर वजन किती भरले, काय खाल्ले, विष्ठा झाली की नाही, हे रोज एका ओळीत लिहावे व कासवाबरोबर ती पाने वनरक्षकाच्या हाती द्यावीत. नेताना कासव बादलीत न घालता भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुने फडके घालून न्यावे. मागे राहिलेले लाकडी खोके ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. त्यात पुढे कोंबडीची पिले ठेवावयास हरकत नाही.