इथिओपियाचा थंड माथा

उष्ण कटिबंधातील देश म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे ऊन, घाम आणि माडाची बने उभी राहतात. इथिओपियापुरते हे चित्र आम्हांस पुसावे लागते. आफ्रिकेतील ३,००० मीटरांहून उंच भूमीपैकी सुमारे ८० टक्के भूमी या एका देशात आहे. किलिमांजारो अधिक उंच खरा. पण तो पडला एकटा डोंगर, माथ्यावर जागा ती किती असणार? इथिओपियात सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनप्रमाणेच, लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि पुढे ती भूमी वर उचलली गेली. म्हणून उंचीला विस्ताराची जोड मिळाली.

बाले पर्वतातील सानेट्टीचे पठार सुमारे ४,००० मीटरांवर आहे. ते वृक्षरेषेच्या वर येते. दुपारी ऊन पोळते, रात्री पाणी गोठते. एका दिवसातच उन्हाळा-हिवाळा उरकतो म्हणा ना! लोबेलियाचे तुरे माणसाहून उंच वाढतात, आणि उंदीर-घुशींवर जगणारा इथिओपियन लांडगा त्यांतून हिंडतो. हे लांडगे आता अवघे ५०० च्या आसपास उरले आहेत. खालून जवाची शेते व गुरे वर चढत आहेत, हवाही तापत आहे. थंडीचा पट्टा वर सरकेल. पण ४,३७७ मीटरांच्या तुल्लू दिम्तू शिखरावर ही भूमी संपते.