सुरामागचं लोखंड

घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं स्वतःचं वजन साधारण पंधरा किलो. दोन्ही मिळून तीसच्या आसपास. फेंडर कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा गिटारचा अँप्लिफायर, ज्याला वादक नुसतं ‘ट्विन’ म्हणतात, २९ किलोचा आहे. सिलिंडर दारात आणून द्यायला माणूस येतो. ट्विन ज्याचा त्याने उचलायचा, आणि कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता पुन्हा खाली न्यायचा.

मी तो पहिल्यांदा उचलला एका गणेशोत्सवात. आमच्या ऑर्केस्ट्राला एका सोसायटीची सुपारी मिळाली होती. हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ट्विनला वर मधोमध एकच पट्टा असतो. तो धरून जिना चढायला लागलं की पहिल्या चार पायऱ्यांतच लक्षात येतं, पेटीचं वजन मधोमध नाही. आतला मोठा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला बसवलेला असतो. पेटी त्या बाजूला कलते आणि तिचा पत्र्याचा कोपरा दर पायरीला नडगीवर आपटतो. प्रत्येक वळणावर खाली ठेवायची, हात बदलायचा, पुन्हा उचलायची. वर पोचलो तेव्हा बोटांवर पट्ट्याचा वळ उमटला होता. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्याच्याने बार कॉर्ड धरवेना. तर्जनीने सहाही तारा एकसारख्या दाबायच्या, तर बोट थरथरत होतं. पहिली दोन गाणी मी वरच्या तीन तारांवर निभावून नेली. ऐकणाऱ्यांना कळलं नसेल, मला ते आजही टोचतं.

इलेक्ट्रिक गिटार हे अर्धंच वाद्य आहे. तिचं लाकूड आणि तारा मिळून तीन-चार किलो भरतात, खांद्याला अडकवून लोकलमध्ये चढता येतं. पण तिचा आवाज त्या लाकडात नाही, अँपमध्ये आहे. हार्मोनियमवाला आपला सूर बरोबर घेऊन येतो. गिटारवाल्याला सूर वेगळा वाहून आणावा लागतो.

एकदा अँप बिघडला म्हणून त्याची पाठ उघडली आणि तेव्हा पाहिलं की हे वजन नेमकं कशाचं. माझी समजूत होती की व्हॉल्व्हचा अँप म्हणजे व्हॉल्व्हमुळे जड. ती साफ चुकीची निघाली. ट्विनमध्ये लहानमोठे दहा व्हॉल्व्ह असतात, आणि काचेच्या या सगळ्या नळ्या तराजूत टाकल्या तर अर्धा किलोही भरणार नाहीत. वजन आहे त्यांच्या शेजारी बसलेल्या लोखंडाचं. व्हॉल्व्हला चारशे व्होल्टच्या वर दाब लागतो. भिंतीतल्या विजेपासून तो तयार करायला एक ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हमधून निघणारा आवाज जास्त दाबाचा आणि कमी प्रवाहाचा असतो, स्पीकरला नेमकं उलट हवं असतं. तो बदल करायला दुसरा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही म्हणजे लोखंडी पत्र्यांची चळत आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. सूर जितका खर्जातला, तितकं लोखंड जास्त लागतं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते, बास गिटारची ४१. बासवाल्याचं नशीब इथेच ठरतं. १९६९ साली अँपेग कंपनीने ‘एसव्हीटी’ नावाचा ३०० वॅटचा बास अँप काढला. त्याचं नुसतं हेडच (म्हणजे स्पीकरशिवायची अँपची पेटी) ३८ किलोच्या आसपास, आणि त्याखालची आठ स्पीकरची कॅबिनेट सुमारे ६४ किलो. एका धडधाकट माणसाचं वजन! ज्यांनी ती कॅबिनेट वर्षानुवर्षं टेम्पोत चढवली-उतरवली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

ट्रान्सफॉर्मरनंतर येतात स्पीकरची चुंबकं, आणि मग लाकूड. प्लायवूड किंवा पाइन असेल तर बरं. स्वस्त अँपांत भुशाचे दाबलेले बोर्ड वापरतात. ते लाकडापेक्षा जड असतात आणि पावसाळ्यात कोपऱ्यांना फुगतात.

एवढे अवाढव्य अँप मुळात बनवले कशाला, हे समजून घ्यायला साठच्या दशकातलं इंग्लंड डोळ्यांसमोर आणावं लागतं. त्या वेळी सभागृहात माइक असे तो फक्त गायकासाठी. गिटारला माइक लावायची पद्धत रुळलेली नव्हती. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर तो अँपनेच न्यायचा. क्लिफ रिचर्ड (जन्माने लखनौचे) यांच्या साथीला ‘द शॅडोज’ हा गट वाजवायचा. किंचाळणाऱ्या श्रोत्यांत त्यांचे व्हॉक्स कंपनीचे १५ वॅटचे अँप ऐकू येईनात, म्हणून ३० वॅटचा ‘एसी-३०’ आला. आज मिळणारा दोन स्पीकरचा एसी-३० बत्तीस किलोचा आहे.

लंडनमध्ये हॅनवेलला जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. १९६२ मध्ये तिथून पहिला मार्शल अँप बाहेर पडला. पुढे ‘द हू’ या गटाचे पीट टाउनसेंड १०० वॅटचा अँप आणि एकाच पेटीत बारा इंची आठ स्पीकर मागायला आले. ही पेटी माणसांना झेपणार नाही, असं मार्शल यांनी बजावलं होतं. तरीही ती बनली. थोड्याच दिवसांत सामान वाहणारे लोक कुरकुरायला लागले आणि टाउनसेंड परत आले. मग मार्शल यांनी चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या केल्या आणि एकीवर एक ठेवल्या. रॉकच्या प्रत्येक पोस्टरवर दिसणारा तो काळा मनोरा, ज्याला ‘मार्शल स्टॅक’ म्हणतात, असा जन्मला. ही हकीकत मार्शल यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली. गिटारच्या इतिहासातली सर्वांत रुबाबदार आकृती हमालांच्या पाठीच्या दुखण्यातून आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर लोकांपुढे वाजले. व्हॉक्सचे १०० वॅटचे अँप होते, तरी पोरींच्या किंकाळ्यांत ते बुडाले. अँप मोठे करत नेण्याचा रस्ता तिथेच संपायला हवा होता. पुढे खरा उपाय सापडला तो मिक्सर, माइक आणि मोठी पीए सिस्टिम. आज अँपसमोर हाताएवढा माइक लावला की वीस वॅटचा अँप अख्खं मैदान भरतो. तरी आपण वादक मोठ्या अँपांच्या प्रेमात आणखी चाळीस वर्षं राहिलो.

या प्रेमाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. वॅट दुप्पट केले की आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट हवेत. फेंडरचा ‘डीलक्स रिव्हर्ब’ २२ वॅटचा आणि १९ किलोचा. ट्विन ८५ वॅटचा आणि २९ किलोचा. स्पीकर सारखेच धरले तर वॅटमधली ही जवळजवळ चौपट वाढ कानाला सहा डेसिबलच देते. त्या सहा डेसिबलसाठी दहा किलो जास्त. खरी गोम स्पीकरमध्ये आहे. १ वॅट दिल्यावर ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरच्या जागी १०० डेसिबलवाला बसवला की अँपचे वॅट दुप्पट केल्यासारखंच होतं, आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एक ग्रॅमही वाढत नाही.

ट्रान्झिस्टर आले तेव्हा वाटलं होतं, ओझं संपलं. तसं झालं नाही. रोलँडचा ‘जेसी-१२०’ १९७५ चा. त्यात व्हॉल्व्ह एकही नाही, तरी वजन २८ किलो. दोन मोठे स्पीकर, जाड लाकूड आणि विजेचा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर तसेच राहिले. कंपनीने त्याला खाली चाकं लावली, हा त्यांचा समंजसपणा.

खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. पूर्वी रेडिओ-वॉकमनला लागणारा बॅटरी एलिमिनेटर आठवा. विटेसारखा जड, हातात घेतला की गरम. आज मोबाइलचा चार्जर त्याच्या कितीतरी पट काम करतो आणि खिशात मावतो. एलिमिनेटरमधला ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या विजेच्या तालावर चालतो, सेकंदाला ५० वेळा. चार्जर तीच वीज सेकंदाला पन्नास-शंभर हजार वेळा चालू-बंद करतो, आणि इतक्या वेगाला चिमूटभर गाभा पुरतो. हीच युक्ती अँपच्या वीजपुरवठ्याला लागू झाली, आणि ‘क्लास डी’ पद्धतीने आवाज मोठा करणारा भागही असाच चालू-बंद होत काम करू लागला. उष्णता कमी, म्हणून ती बाहेर टाकणारे धातूचे जाड पत्रेही गेले. दुसरी गोष्ट म्हणजे निओडिमियमची चुंबकं. सेलेस्टियनचा ‘व्हिंटेज ३०’ हा नेहमीचा स्पीकर ४.७ किलोचा, त्याच कंपनीचा निओडिमियमचा ‘निओ क्रीमबॅक’ दोन किलोच्या आत.

फेंडरने २०१९ मध्ये हे सगळं एकत्र करून ‘टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब’ काढला. आत व्हॉल्व्ह नाहीत, त्यांचं वागणं संगणकी चिपवर उतरवलेलं. वजन १५ किलो. भरलेला सिलिंडर आणि रिकामा सिलिंडर, एवढा फरक.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. एका दिवाळीला येताना त्याने माझ्यासाठी अँप आणायचं ठरवलं. विमानात एका बॅगेला २३ किलोची मर्यादा, म्हणून ट्विन बाद झाला आणि डीलक्स आला. पण तो अमेरिकन विजेचा, १२० व्होल्टचा. आपल्याकडे २३० व्होल्ट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, आणि तो पाच-सहा किलोचा निघाला. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. कमी हर्ट्झला ट्रान्सफॉर्मरला जास्त लोखंड लागतं. त्यामुळे तिकडच्या मापाने केलेला ट्रान्सफॉर्मर इकडे जास्त तापतो. दोन तास वाजवल्यावर मागे हात लावला की चटका बसायचा. परदेशातून अँप मागवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, आधी मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा. काही हलक्या अँपांवर ते लिहिलेलं असतं.

हलक्या अँपांची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. व्हॉल्व्हचा अँप बिघडला तर पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना रेडिओ मेकॅनिक तो उघडून, जळलेला रेझिस्टर शोधून, तासाभरात परत देतो. क्लास डीचा बोर्ड गेला तर अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत महिना जातो. आणि ट्विनसमोर उभं राहून एक तार छेडली की पोटरीला जी हवा लागते, ती मला अजून हलक्या पेटीतून मिळालेली नाही. तो आनंद खरा आहे. पण तो स्टेजवरच्या एका माणसाचा. पंधराव्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत पोचतो तो माइकमधून गेलेला आवाज, आणि तिथे जड आणि हलक्या अँपमधला फरक सांगणारा कान मला भेटलेला नाही.

शिवाय आता अँपच न नेणारे वादकही पुष्कळ आहेत. अँपच्या आवाजाची नक्कल करणारी छोटी यंत्रं त्यांना पुरतात: १९९८ मधला ‘लाइन ६’चा लाल पॉड, २०११ चा केम्पर, मग २०१८ चा किलोभर वजनाचा ‘एचएक्स स्टॉम्प’. सॅकमध्ये टाकायचा, केबल सरळ मिक्सरला. गोव्यातल्या शॅकवर किंवा लग्नाच्या मांडवात हे सोयीचं पडतं. मात्र मॉनिटर, म्हणजे स्टेजवर वादकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, चांगला नसेल तर वादकाला स्वतःचंच ऐकू येत नाही. साउंडवाला ओळखीचा नसेल तेव्हा मी अजूनही एक लहान अँप बरोबर ठेवतो.

आणि पाठीचं काय? अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, दोन्ही हातांनी, शरीराजवळ धरून उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. आपण २९ किलो एका हाताने, वाकडं होऊन, अंधाऱ्या जिन्यावर उचलतो. चाळिशीत कंबर धरलेले कितीतरी गिटारवाले आणि बासवाले माझ्या ओळखीचे आहेत. जड अँप असेलच तर हेड आणि कॅबिनेट वेगळी असलेला घ्या, दोन फेऱ्या करा. रबरी चाकांची ट्रॉली ठेवा, कारण बारीक चाकांचे हादरे व्हॉल्व्हला सोसत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं अँप निवू द्या, मगच हलवा. आणि आयोजकांना विनंती, की सामान चढवायला दोन माणसं द्या. वादकाचे हात तासाभरात तुमच्याच स्टेजवर लागणार आहेत.

माझा ट्विन आता घरी, खिडकीशी असतो. रविवारी सकाळी तो लावतो. सुपारीला जातो तो ११.६ किलोचा, एका स्पीकरचा ‘कटाना’. या दिवाळीत नवा अँप घ्यायला दुकानात गेलात, तर आधी वाजवून बघाच, पण पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला विचारून तो एका हातात उचला, एक जिना चढून उतरून या, आणि मग पुन्हा गिटार हातात घेऊन बार कॉर्ड धरून बघा.