दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ : सामाईक सर्व्हरवर आपली कागदपत्रे किती सुरक्षित?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, वसतिगृहाचा प्रवेश असो की संस्थेचे सभासदत्व, आता कागदपत्रे ऑनलाइन अपलोड करावी लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान. हे सगळे कुठल्या तरी सर्व्हरवर शेकडो इतरांच्या कागदपत्रांशेजारी जाऊन बसते. आपल्याला पासवर्ड मिळतो आणि आपण निश्चिंत होतो. परंतु पासवर्ड कितीही भक्कम असला तरी दुसऱ्याला आपली फाइल उघडता येईल, असा एक जुना दोष आहे. त्याला ‘पाथ ट्रॅव्हर्सल’ म्हणतात.

दोष नेमका काय?

संगणकात प्रत्येक फाइलला पत्ता असतो. समजा, सभासद क्रमांक १०४ च्या फायली ‘/साठा/सभासद/१०४/’ या फोल्डरमध्ये आहेत. त्याने ‘दाखला’ मागितला की सॉफ्टवेअर ते नाव या पत्त्याला जोडते आणि फाइल देते.

आता संगणकाला ‘../’ म्हणजे दोन टिंबे व तिरकी रेघ दिली, तर त्याचा अर्थ ‘एक फोल्डर वर जा’ असा होतो. ही रोजच्या कामाची सोय आहे. पण याच सभासदाने ‘../१०५/दाखला’ असे नाव पाठवले तर? सॉफ्टवेअर १०४ च्या फोल्डरमधून वर येते, १०५ मध्ये शिरते आणि दुसऱ्याचा दाखला हातात ठेवते. तहसील कार्यालयातील शिपायाला चिठ्ठी द्यावी, ‘माझ्या गठ्ठ्याशेजारचा गठ्ठा आण’, आणि त्याने काही न विचारता तो आणून द्यावा, तसाच हा प्रकार.

इथे पासवर्ड का उपयोगी पडत नाही? कारण सर्व्हरवर सगळ्यांच्या फायली बहुधा एकाच खात्याने, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या खात्याने उघडल्या जातात. ऑपरेटिंग सिस्टीमला १०४ कोण आणि १०५ कोण हे ठाऊकच नसते. दोघांमधली भिंत फक्त सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये असते. तिला भोक पडले की सगळ्यांचीच कागदपत्रे उघडी पडतात. आणखी वर गेल्यास डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंगची फाइलही सापडू शकते. अपलोड करतानाच पत्ता बदलता आला, तर हल्लेखोर स्वतःचा प्रोग्रॅमही नको त्या जागी ठेवू शकतो. झिप फाइलमधल्या नावांतून असे करता येते, हे २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने गाजले.

मग ‘../’ काढून टाकले तर?

बरेच प्रोग्रॅमर हेच करतात आणि फसतात. ‘....//’ असे पाठवले आणि मधले ‘../’ काढले, तर उरलेली अक्षरे जुळून पुन्हा ‘../’ तयार होते.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत हा दोष उघड झाला. टिंब सांकेतिक रूपात लिहिले की तपासणी चुकत होती. २.४.५० मध्ये दुरुस्ती आली, पण तेच संकेत दुहेरी करून लिहिले की पुन्हा वाट मिळत होती. काही दिवसांत २.४.५१ काढावी लागली. जून २०२४ मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ‘सर्व्ह-यू’ या फाइल देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर लॉगिन न करताही सर्व्हरवरील फायली वाचता येत होत्या. तिथे एका दिशेची तिरकी रेघ तपासली जात होती. उलट दिशेची रेघ तपासणीतून सुटायची आणि नंतर सॉफ्टवेअरच ती सरळ करून घ्यायचे.

दोन्ही ठिकाणी चूक एकच. पत्ता अंतिम रूपात येण्याआधी तपासला गेला.

योग्य उपाय

आधी पूर्ण पत्ता सोडवून घ्यावा आणि मग तो त्या सभासदाच्याच फोल्डरमध्ये आहे का ते पाहावे. तेही नीट, नाहीतर ‘सभासद/१०’ ने सुरू होणारा पत्ता म्हणून १० क्रमांकाच्या माणसाला १०४ चे फोल्डर खुले व्हायचे. त्याहून चांगले म्हणजे सभासदाने दिलेले नाव पत्त्यात वापरूच नये. प्रत्येक फाइलला सॉफ्टवेअरने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि मालक कोण याची नोंद डेटाबेसमध्ये तपासावी. सॉफ्टवेअरच्या खात्यालाही गरजेपुरतेच अधिकार असावेत.

हे उपाय कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. म्हणूनच मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिसा आणि एफबीआय या संस्थांनी सॉफ्टवेअर कंपन्यांना हा दोष मुळापासून संपवा, असे जाहीरपणे बजावले.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या आधी विश्वासाचा प्रश्न येतो. एखाद्या मुलीने शिक्षणासाठी दिलेला दाखला तिच्या परवानगीशिवाय भलत्याच्या हाती पडला, तर तो परत घेता येत नाही.

म्हणून संस्था चालवणाऱ्यांनी सॉफ्टवेअर देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. शेवटचे अपडेट कधी केले? एका सभासदाला दुसऱ्याची फाइल मिळते का, याची चाचणी कोणी केली? प्रवेशाचे काम संपल्यावर जुनी कागदपत्रे पुसली जातात का? सर्व्हरवर जे ठेवलेलेच नाही, ते चोरीला जाऊ शकत नाही.