जुन्या संगणकातलं विंडोज नव्यात टाकता येतं का?

शिक्षक मित्रांनो, शाळेतला जुना संगणक बंद पडला की हा प्रश्न हमखास येतो. संगणकासोबत आलेल्या विंडोजला ओईएम लायसन्स म्हणतात. ते त्याच यंत्राशी बांधलेलं असतं. विंडोज ८ पासून तर त्याची की बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. त्यामुळे हार्ड डिस्क, रॅम बदलली तरी चालतं, पण दुसऱ्या संगणकात ते नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स मात्र नेता येतं, फक्त जुन्यावरून आधी काढायचं.

आपलं कोणतं? कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, मग जागा सोडून स्लॅश डीएलआय हे इंग्रजीत टाइप करा. ओईएम की रिटेल, लगेच दिसतं. दुकानदार "टाकून देतो सर" म्हणाला तरी कोटेशनमध्ये विंडोज वेगळं लिहून घ्या. निधी कमी असेल तर उबुंटू मोफत आहेच.