कोंबडीची तंगडी आणि दोन लिटर कोमट पाणी

लहान मुलाच्या हाडात सुई घालायला शिकायचं असेल, तर एक उत्तम साधन चिकनच्या दुकानात मिळतं. कोंबडीची तंगडी. बालरोगाच्या आणीबाणीचं शिक्षण देणाऱ्या कार्यशाळांमध्ये ती सर्रास वापरतात, आणि त्यामागचं कारण थक्क करणारं आहे.

जुलाब-उलट्यांनी पार सुकून गेलेल्या मुलाच्या शिरा चपट्या होतात, कितीही शोधल्या तरी हाती लागत नाहीत. हाडातली मज्जेची पोकळी मात्र चपटी होऊ शकत नाही, तिच्याभोवती हाडाचीच भिंत असते. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या सपाट बाजूवर जाड सुई फिरवत दाबायची. आधी हाड दाद देत नाही, मग अचानक हाताखालचा विरोध नाहीसा होतो. सुई पोकळीत पोचली! आता सलाईन तिथून थेट रक्तात जातं. विरोध सुटल्याचा तो क्षण पुस्तक वाचून कळत नाही, बोटांनाच कळावा लागतो. प्लास्टिकचा महागडा पाय भोकं पडून पडून निकामी होतो. तंगडी काही रुपयांत तोच क्षण पुन्हा पुन्हा देते, आणि दिसायला ती मुलाच्या पायासारखी मुळीच नसते.

मला या विषयात सगळ्यात गंमत वाटते ती इथे. सरावाचा खरेपणा डोळ्यांना दिसण्यावर फारसा अवलंबून नसतो.

नवजात बाळाची बाहुली घ्या. नॉर्वेतले आसमुंड लेर्डाल हे मऊ प्लास्टिकची खेळणी करणारे कारखानदार. तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी त्यांनी १९६० मध्ये ‘अ‍ॅन’ ही मोठ्या माणसाएवढी बाहुली बनवली. पुढे अर्ध्या शतकानं त्याच कंपनीनं गरीब देशांसाठी ‘निओनॅटली’ हे बाळ काढलं. रिकामं असताना ते घडी घालून पिशवीत मावतं. आत सुमारे दोन लिटर कोमट पाणी भरलं की त्याला बाळाचं वजन येतं, ऊब येते, आणि मान लुळी पडते. हातात घेणाऱ्याचा दुसरा हात आपोआप मानेखाली जातो. शिकवणाऱ्या सिस्टरच्या मुठीत रबरी फुगे असतात. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की छाती हलते. सिस्टरनं दाबणं थांबवलं की ठोकेही थांबतात. मान जास्त वाकली किंवा मास्कची कड सुटली, तर हवा देणारी अँबू बॅग कितीही दाबा, छाती उचलत नाही. बाहुली लबाडी चालू देत नाही.

जन्मणाऱ्या शंभरातल्या दहाएक बाळांना पहिला श्वास घ्यायला थोडी तरी मदत लागते: कोरडं पुसणं, पाठ चोळणं, नाहीच जमलं तर मास्कनं हवा देणं. हे सगळं पहिल्या मिनिटात सुरू व्हावं लागतं. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या प्रशिक्षणाचा सगळा भर या एका मिनिटावर आहे. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात ते ५९९ प्रसूती-सेवकांना दिलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जन्माच्या जरा आधी किंवा जन्मताना मेलेली म्हणून नोंदलेल्या बाळांचं प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. याचा अर्थ लागायला क्षणभर थांबावं लागतं. ‘बाळ रडलं नाही’ म्हणून मृत ठरवलेल्या बाळांपैकी काही जिवंत होती. त्यांना फक्त श्वास सुरू करून द्यायचा होता. त्या अभ्यासात नवजातांचा एकूण मृत्युदर मात्र घटला नाही, हेही सांगायला हवं.

टांझानियातल्या हायडम रुग्णालयाला आणखी एक धडा मिळाला. याच एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवर सगळे तरबेज झाले, पण प्रसूतीच्या टेबलावर काही महिन्यांनंतर कामात फरक दिसेना. मग कामाच्याच जागी, थोडा थोडा आणि वरचेवर सराव सुरू झाला, तेव्हा पहिल्या २४ तासांतले मृत्यू कमी झाले. बाहुली कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या आपल्या सरकारी सवयीला ही चपराकच आहे.

आता पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडचा विचार करा. घोड आणि भीमेच्या काठचा उसाचा पट्टा, हंगामात फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, ठिकठिकाणी शेततळी, आणि पुण्यातलं ससून रुग्णालय साठ-ऐंशी किलोमीटर लांब. परदेशी पुस्तकातला सरावाचा प्रसंग इथे जसाच्या तसा घेऊन उपयोग नाही. इथला प्रसंग असा रचावा: तीन वर्षांच्या पोरानं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं कीटकनाशक प्यायलंय. तोंडाला साबणाचा फेस लावा. बाहुलीच्या डोळ्यांवर अगदी बारीक काळ्या टिकल्या चिकटवा, कारण ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. छातीच्या कापडाखाली मोबाईल ठेवून घरघर वाजवा. एखाद्या आशाताईंनी आजी व्हावं, आणि पोराला हातातून सोडूच नये. वजन कुणी सांगायचं नाही. अंदाजानं काढून त्यावरून औषधाचा डोस ठरवायचा, खरोखर सिरिंजमध्ये ओढायचा.

अ‍ॅट्रोपिन हे या विषावरचं औषध एकदा देऊन भागत नाही. छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचं असतं. असा सराव आपल्याच आरोग्य केंद्रात, आपल्याच ट्रॉलीवर केला, की सहाव्या-सातव्या मिनिटाला प्रश्न उभे राहतात. साठा पुरेल का? कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? लहान मापाचा मास्क कोणत्या खणात? १०८ ला फोन कुणी लावला? कार्यशाळेच्या चकचकीत हॉलमध्ये या प्रश्नांची चाहूलही लागत नाही. बाहुली कितीही महाग असो, तुमच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे तिला ठाऊक नसतं.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं. सरावाच्या सिरिंजवर लाल शाईनं ‘सराव’ लिहायचं, आणि शेवटी त्या मोजून परत घ्यायच्या. साध्या पाण्याची एकही सिरिंज खऱ्या औषधांच्या ट्रेमध्ये राहता कामा नये.