जादूगाराचा हरवलेला चंद्र

चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतला आहे, हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिले असेलच. ते १९०२ सालच्या 'चंद्राची सफर' या फ्रेंच मूकपटातले. तो काढला पॅरिसचे जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी. चंद्रावर जाणाऱ्या प्राध्यापकाचे कामही त्यांनीच केले.

त्याच्या काही प्रतींतील एकेक चित्र हाताने रंगविलेले होते. अशी रंगीत प्रत आता उरलेली नाही, असेच सर्वजण धरून चालले होते. १९९३ साली ती बार्सिलोनाच्या चित्रपट-संग्रहालयात सापडली; पण लाकडासारखी कडक झालेली!

असे का व्हावे? त्या काळच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या असत. या पदार्थाचे आपोआप विघटन होते. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात, दमट हवेत त्यांचे नायट्रिक आम्ल बनते आणि ते विघटनाचा वेग आणखी वाढवते. म्हणजे फीत स्वतःच स्वतःला खाते! तिचे वेढे एकमेकांना चिकटतात.

सुदैवाने येथे चिकटल्या होत्या त्या मुख्यतः कडा. वेढे अलगद सोडवले गेले. उरलेले तुकडे रसायनांच्या वाफेत ठेवून मऊ केले. पण याच वाफेमुळे फितीचा पुढचा नाश अटळ होता! छायाचित्रे घेण्याची संधी एकदाच; ती साधली. मग संगणकावर १३,३७५ चित्रे दुरुस्त झाली. गहाळ भाग कृष्णधवल प्रतीवरून घेऊन रंगविले. मे २०११ मध्ये कान महोत्सवात चंद्र पुन्हा रंगांत उजळला.

जादूगाराची ही करामत वाचवली ती रसायनाने, संगणकाने आणि माणसांच्या चिकाटीने!