नोट बोटांनी वाचावी

दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की नोटांनाही मिरचीचा वास लागतो. अडतीवर हिशेब चुकता करणारा माणूस गड्डी मोजता मोजता मान वळवून शिंकतो आणि पुन्हा त्याच आकड्यावरून पुढे मोजू लागतो. वडील मिरची आणि कापूस दोन्ही विकायचे. त्यांच्या शेजारी उभा राहून मी त्या मोजणाऱ्याचा अंगठा बघत असे. नोटेत काही खोट असली तर डोळ्यांच्या आधी तो अंगठा थांबायचा. नोटांचं माझं वेड तिथलं आहे.

गेल्या हिवाळ्यात आई, बायको आणि लेकीला घेऊन नाशिकरोडला गेलो. भुसावळकडच्या गाडीने जळगाव, तिथे गाडी बदलून नाशिकरोड. जेलरोडवर नोटांचा कारखाना आहे. सरकारी नाव चलार्थ पत्र मुद्रणालय, पण गावात कुणालाही विचारा, ‘प्रेस’ म्हटलं की पुरे. आत आपल्यासारख्यांना प्रवेश नाही, हे ठाऊक होतंच. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, उंच भिंत. तरी आईला ती भिंत बघायची होती. पदर सावरत तिने विचारलं, “आठेच छापतस का रे पोरा नोटा?” मी हो म्हटलं तेव्हा तिने भिंतीला हात जोडले.

इतिहास थोडक्यात सांगतो. आधी आपल्या नोटा इंग्लंडातून छापून येत. नाशिकला १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय निघालं, तिकिटं आणि मुद्रांक तिथे छापले जाऊ लागले. १९२८ मध्ये नोटांचं मुद्रणालय आलं आणि पंचम जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची नोट छापली गेली. रिझर्व्ह बँक १९३५ ची. पुढे देवास, म्हैसूर, सालबोनी इथेही छापखाने झाले. बस, एवढं पुरे, कारण मला सांगायचं आहे ते कापसाचं.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. सूतगिरणीत विंचरताना गळणारा कापूस, सरकीला चिकटून राहिलेली लव, असलं सगळं शिजवून, कुटून त्याचा लगदा करतात. पाण्यात चित्र दिसावं तशी गांधीजींची जी छबी उजेडात दिसते, ती छापलेली नसते. कागद ओला असतानाच तंतूंची जाडी कमीजास्त करून ती त्याच्या पोटात उतरवतात. होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, असा कागद करणारा कारखाना १९६८ पासून आहे. त्याआधी हा कागद बाहेरून यायचा. प्रेससमोरच्या टपरीवर चहा घेताना मी आईला हे सांगितलं. तिने आयुष्यभर कापूस वेचला आहे, बोंडाच्या काट्यांनी तिच्या बोटांची टोकं कायमची खरखरीत झाली आहेत. नोट बोटांत चुरून ती म्हणाली, “हाऊ ते आपलाच कापूस शे रे भो!” कुठल्या शेतातला कापूस कुठे जातो ते कोण सांगणार, पण कापूस तो कापूसच. खिशातली नोट शर्टाबरोबर धुतली गेली तरी वाळवून पुन्हा चालते, ती याच गुणाने.

आणि कापूसच का, याचं एक उत्तर छपाईत आहे. आधी मागची फिकट नक्षी साधी छापतात. मग येते उठावाची छपाई. धातूच्या तबकडीवर रेषा खोदलेल्या असतात. त्यांच्या खाचांत घट्ट शाई भरायची, वरची सगळी पुसून काढायची आणि कागद प्रचंड दाबाने तबकडीवर दाबायचा. दाबाने कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून ती शाई कागदावर डोंगराच्या रांगेसारखी उभी राहते. एवढा दाब कापसाचा कागद चांगला सोसतो. शंभरच्या आणि त्यावरच्या नोटेवर गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ, गव्हर्नरची सही यांवरून बोट फिरवून बघा. माझ्या मते जगातली सगळ्यात सुंदर छपाई ती हीच.

लेकीचं लक्ष मात्र मागच्या बाजूला. तिथे पंधरा भाषांत रक्कम असते. भाषांच्या इंग्रजी नावांच्या क्रमाने ओळी लावल्यामुळे मराठी आठवी येते, म्हणजे बरोबर मधोमध. ‘शंभर रुपये’ सापडल्यावर ती टपरीवर सगळ्यांना दाखवत सुटली. वीसच्या नोटेमागे आपलं वेरूळ आहे, हेही तिला त्याच दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय पाहिलं. तिथून तिला हलवणं कठीण झालं.

आईला मोतीबिंदू आहे. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची उंची सारखी, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा हा फरक म्हाताऱ्या बोटांना कसा कळावा? पण कडेला उठावाच्या तिरप्या रेघा आहेत. शंभरला चार आणि एक त्रिकोण, पाचशेला पाच आणि एक वर्तुळ. न दिसणाऱ्यांसाठीच हे केलेलं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परतीच्या गाडीत मी आईला ते शिकवलं. कोऱ्या नोटा तिने डोळे मिटून पटापट ओळखल्या. “पाच रेघा. पाचशेनी.”

मग तिने कमरेच्या पिशवीतून स्वतःची शंभरची नोट काढली. मिरचीच्या हंगामातली, मऊ पडलेली, घडीवर पांढरी झालेली. अंगठा कडेवरून एकदा फिरवला, मग पुन्हा.

“हाई ते घसाई गई,” ती म्हणाली आणि लेकीच्या हातात देऊन विचारलं, “कितलानी शे?”